शाळेच्या लायब्ररीच्या समितीत जावं का? (पुस्तकं काढण्याचा वाद, टेक्सास आणि इतरत्र)

मृदुला_टेक्सास
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचनमात्र होते, आज धागाच काढतेय, कारण घरात या विषयावर बोलून बोलून आता कोणी ऐकून घेत नाही.

आम्ही टेक्सासमध्ये. लेक सातवीत, मुलगा तिसरीत. २०२५ मध्ये इथे सिनेट बिल १३ हा राज्याचा कायदा पास झाला, त्याच सप्टेंबरपासून लागू. शाळेच्या लायब्ररीत नवीन पुस्तक आणायचं तर यादी आधी ३० दिवस लोकांना बघायला ठेवायची, मग स्कूल बोर्डाने मतदान करून मंजूर करायची. कोणी देणगी म्हणून पुस्तक दिलं तरी तेच. आमच्या डिस्ट्रिक्टने (म्हणजे भागातल्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या संस्थेने) मग बरेच महिने खरेदीच थांबवली. लेक मांजरांच्या टोळ्यांची एक मालिका वाचते, तिचा पुढचा भाग मागायला गेली तर लायब्ररियन म्हणाली, "बोर्डाची मीटिंग होऊ दे, मग बघू." मांजरं हो! त्यात कोणाला काय आक्षेपार्ह सापडणार आहे?

आता शाळेकडून ईमेल आलाय की पालकांची लायब्ररी सल्लागार समिती करायची आहे, ज्यांना यायचंय त्यांनी फॉर्म भरा. मला जायचंय. नवरा म्हणतो की आपलं ग्रीन कार्ड रांगेत अडकलेलं, इथलं राजकारण इथल्यांना करू दे, आपण कशाला मध्ये पडायचं. त्याची भीती मला कळते, पण पटत नाही. तुमच्या गावात काय चाललंय? आणि जावं का?

केदार_डॅलस
जा. तुम्ही नाही गेलात तर ती खुर्ची रिकामी राहणार नाही, दुसरं कोणीतरी बसेल.

सोनाली_के
रुमाल टाकून ठेवते. आमच्याकडे महाराष्ट्र मंडळाचा व्हॉट्सॅप ग्रुप याच विषयावरून फुटला. आता दोन ग्रुप आहेत आणि गणपतीच्या जेवणाचे निरोप दोन्हीकडे टाकावे लागतात.

सुहास_एच
मी विरुद्ध बाजूने लिहितो, सगळे एकाच सुरात बोलले तर धाग्याचा उपयोग नाही. मी या कायद्याच्या बाजूचा आहे. २०२१ ते २०२३ सलग तीन वर्षं अमेरिकेत सगळ्यात जास्त तक्रारी ज्या पुस्तकावर झाल्या ते जेंडर क्विअर, म्हणजे लेखकाला स्वतःची लिंगओळख कशी उमगली हे चित्रांतून सांगणारं पुस्तक, मी स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलंय. प्रामाणिक आत्मकथन आहे, मोठ्यांनी जरूर वाचावं. पण त्यातली काही चित्रं माझ्या बारा वर्षांच्या मुलाने शाळेत मला न विचारता बघावीत असं मला वाटत नाही. यात मी कोणाचा द्वेष करत नाहीये. शाळा सरकारी पैशावर चालते, माझ्या टॅक्सवर चालते, तिथे कपाटात काय असावं यावर आईबापांनी प्रश्न विचारला की लगेच "पुस्तकं जाळणारे" म्हणायचं, ही बोलण्याची पद्धत मला फार लागते. आणि मृदुलाताई, तुम्ही समितीत जरूर जा, हे मीही म्हणतो. समित्या तुमच्यामाझ्यासारख्या पालकांसाठीच केल्यात.

अनघा_फ्लोरिडा
मी शाळेच्या लायब्ररीत काम करते (गावाचं नाव देत नाही). सुहासजी, तुमच्यासारखा पूर्ण पुस्तक वाचून आलेला पालक मला हवाच आहे, खरंच. पण तसे फार थोडे येतात. प्रत्यक्षात काय होतं ते सांगते.

फ्लोरिडात २०२३ मध्ये नियम आला तो असा की पुस्तकात लैंगिक वर्णन आहे अशी तक्रार आली की पाच शाळेच्या दिवसांच्या आत पुस्तक कपाटातून काढायचं आणि निर्णय होईपर्यंत बाहेरच ठेवायचं. निर्णयाला महिने लागतात, कारण समितीतल्या प्रत्येकाने अख्खं पुस्तक वाचायचं असतं. तक्रारीचे फॉर्म मात्र झटपट भरतात. बुकलुक्स नावाची एक वेबसाइट होती, २०२५ मध्ये बंद झाली, त्यावर पुस्तकांना शून्य ते पाच गुण दिलेले आणि खाली निवडक उतारे पान नंबरासकट. आमच्याकडे आलेल्या फॉर्मवर तेच उतारे, त्याच क्रमाने. एका फॉर्मवरचा पान नंबर आमच्या आवृत्तीशी जुळेचना, कारण आमची पेपरबॅक आणि उतारा हार्डकव्हरमधला. तक्रार करणाऱ्याने आमचं पुस्तक हातातसुद्धा घेतलं नव्हतं. तरी पुस्तक निघालं.

आणि ही फक्त नोंद झालेल्या तक्रारींची गोष्ट. जानेवारी २०२३ मध्ये मॅनेटी काउंटीत (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) शिक्षकांनी वर्गातली पुस्तकांची कपाटं कागद लावून झाकली, कारण तपासणी न झालेलं पुस्तक मुलाच्या हातात गेलं तर आपल्यावर गुन्हा दाखल होईल ही धास्ती. कोणी बंदी घातली नव्हती तिथे. नुसती भीती पुरली. खरेदीची यादी करताना माझाही हात आता थबकतो, हे पुस्तक घेतलं तर कोणी येईल का, ईमेल येतील का, मग ते राहू दे, हे दुसरं घेऊ. हे कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

जर्सीकर
आमच्याकडे बरोबर उलटं आहे. न्यू जर्सीत डिसेंबर २०२४ मध्ये फ्रीडम टू रीड कायद्यावर सही झाली. तक्रार चालू असताना पुस्तक कपाटातच राहतं. तक्रार फक्त त्या शाळेशी संबंध असलेल्यांनीच करायची, म्हणजे विद्यार्थी, पालक, तिथले कर्मचारी. आणि लायब्ररियनने नेकीने काम केलं असेल तर तिला संरक्षण. इलिनॉयने तर २०२३ मध्येच कायदा करून टाकला की पुस्तकांवर बंदी घालाल तर राज्याचं अनुदान मिळणार नाही.

म्हणजे तेच पुस्तक, त्याच वयाचं मूल, पण आमच्या एडिसनमध्ये राहतो की फ्लोरिडातल्या ऑरलँडोत यावर ते मिळणार की नाही ठरतं. एकच देश आहे ना हा?

केदार_डॅलस
अनघाताई, प्रतिसाद वाचून वाईट वाटलं. वॉशिंग्टन पोस्टने २०२१-२२ च्या तक्रारी मागवून मोजल्या होत्या. हजाराच्या वर तक्रारी, त्यातल्या साधारण ६० टक्के फक्त ११ जणांनी केलेल्या. अकरा! एवढ्या मोठ्या देशात. पालकांचा उठाव म्हणून टीव्हीवर जे दाखवलं जातं त्यात फॉर्म भरणारे एवढेच असतील तर बाकीचे आपण सगळे कुठे होतो?

सुहास_एच
आकडे दोन्हीकडून फुगवले जातात हेही लिहा मग. पेन अमेरिका या लेखकांच्या संस्थेने २०२३-२४ ला १०,०४६ बंद्या मोजल्या, हेडलाइन सगळ्यांनी वाचली. पण त्यात तेच पुस्तक दहा डिस्ट्रिक्टमध्ये काढलं की दहा मोजतात, आणि तपासणीसाठी तात्पुरतं बाजूला ठेवलेलंसुद्धा बंदीत धरतात. त्यातले ८,००० च्या वर फक्त फ्लोरिडा आणि आयोवा या दोन राज्यांतले. हे कोणी सांगत नाही. दुकानात, ॲमेझॉनवर, गावच्या लायब्ररीत तेच पुस्तक मिळतं.

अनघा_फ्लोरिडा
मोजायच्या पद्धतीबद्दल तुमचं बरोबर आहे, ती समजून घेऊनच आकडा वाचावा. पण "ॲमेझॉनवर मिळतं" हे मला पटत नाही सुहासजी. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक मुलांच्या घरी एकही पुस्तक नाही. आईबाप दोन दोन नोकऱ्या करतात. त्यांच्यासाठी कपाट म्हणजे आमचंच कपाट.

प्रज्ञा_शिकागो
"गावच्या लायब्ररीत मिळतं" यावर लिहायलाच लॉगिन झाले. टेक्सासमधल्या लॅनो काउंटीची केस माहीत आहे का? ती शाळेची नाही, लहानमोठे सगळे जातात त्या सार्वजनिक लायब्ररीची. २०२१ मध्ये तिथून १७ पुस्तकं काढली. काही लहान मुलांची, पादण्याच्या गमतीजमतीची (हो, खरंच). एक कू क्लक्स क्लान या गोऱ्यांच्या वर्णद्वेषी संघटनेच्या इतिहासाचं. आणि एक इझाबेल विल्करसनचं कास्ट.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी, त्यात अमेरिकेतला वर्णभेद, भारतातली जातव्यवस्था आणि नाझी जर्मनी यांची एकत्र मांडणी आहे, बाबासाहेबांचा उल्लेख आहे. मी पुस्तक वाचलं तेव्हा आईला फोन करून त्यातली पानं मराठीत सांगितली होती. ज्या बाबासाहेबांनी न्यूयॉर्कला कोलंबियात शिकून जातीवर पहिला निबंध वाचला, त्यांच्या विचारांवर उभं राहिलेलं पुस्तक त्याच अमेरिकेतल्या एका काउंटीत कपाटातून काढतात, ही बातमी वाचून माझ्या पोटात तुटलं. कास्टमध्ये लैंगिक काय होतं? काहीच नाही.

सहीला विरोध करणाऱ्या ब्रँच लायब्ररियनची नोकरी गेली. गावातल्या लोकांनी खटला भरला, २०२३ मध्ये कोर्टाने पुस्तकं परत ठेवा सांगितलं, तर काउंटीने लायब्रऱ्याच बंद करायच्या का यावर बैठक घेतली! शेवटी चालू ठेवल्या. पुढे मे २०२५ मध्ये फिफ्थ सर्किट या अपील कोर्टाने १० विरुद्ध ७ असा निकाल दिला की लायब्ररीत काय ठेवायचं यावर वाचकाला हक्क सांगता येत नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने केस ऐकायला नकार दिला. म्हणजे टेक्सास, लुइझियाना, मिसिसिपीत आता हेच चालणार.

प्रज्ञा_शिकागो
वर "सहीला" चुकून टाइप झालं, "पुस्तकं काढायला" असं वाचा.

निखिल_बे
प्रज्ञा, केस वाचली होती, पण यादीत कास्ट होतं हे लक्षात नव्हतं. धन्यवाद.

आता थोडं कडू बोलतो. हे फक्त उजव्या बाजूचं काम आहे असं इथे चित्र होतंय, ते खरं नाही. २०२० मध्ये आमच्या कॅलिफोर्नियात बरबँकला टू किल अ मॉकिंगबर्ड आणि हकलबरी फिन धरून पाच पुस्तकं सक्तीच्या वाचनातून काढली, कृष्णवर्णीय पालकांच्या तक्रारीवरून. त्या पालकांचं दुःख खरं होतं, त्यांच्या मुलांना वर्गात कृष्णवर्णीयांसाठीची ती शिवी ऐकावी लागली होती. पण उपाय म्हणून पुस्तक काढणं? चांगला शिक्षक ते पुस्तक हातात घेऊन एक अख्खा महिना वर्णभेदावर बोलू शकतो.

आणि आपण भारतीयसुद्धा काही बघे नाही आहोत. २००५-०६ ला सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकांवरून इथे केवढं रण माजलं होतं. काही हिंदू संघटनांनी बदल सुचवले, प्राचीन भारतातल्या स्त्रिया आणि जाती यांच्याबद्दलची वाक्यं बदला म्हणून, इतिहासाच्या प्राध्यापकांनी विरोध केला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. २०१६ ला परत, या वेळी इंडिया म्हणायचं की साउथ एशिया यावरून. सुनावणीला सॅक्रामेंटोला दोन्ही बाजूंनी आपलीच माणसं, आपलीच मुलं रांगेत उभी. काही मागण्या मला रास्त वाटल्या, देवांबद्दलचा टिंगलीचा सूर काढा ही होतीच रास्त. पण जातीचा उल्लेख सौम्य करा हे मला तेव्हाही खटकलं आणि आजही खटकतं. आपल्याला टोचतं ते पान काढा, दुसऱ्याला टोचतं ते राहू दे, असं कसं चालेल?

सुहास_एच
निखिल, +१. शेवटच्या वाक्याला दोनदा +१.

प्रज्ञा, लॅनोचं मला माहीत नव्हतं. सार्वजनिक लायब्ररीतून कास्ट काढणं साफ चूक. माझा मुद्दा शाळेपुरता आणि वयापुरता होता, तो तिथे लागू होतच नाही.

ओंकार_पुणे
तुमचं वाचून मला भांडारकर आठवलं. ५ जानेवारी २००४. जेम्स लेनच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून जमाव आत घुसला. पुस्तकातली ती विधानं मलाही अत्यंत संतापजनक वाटली होती, आजही वाटतात, त्याबद्दल कोणी शंका घेऊ नये. प्रकाशकाने पुस्तक आधीच नोव्हेंबरात मागे घेतलं होतं. तरी हल्ला कोणावर, तर ज्या संस्थेत त्या माणसाने बसून वाचन केलं तिच्यावर. नंतर आम्ही काही विद्यार्थी आवराआवर करायला गेलो होतो. कपाटं आडवी, काचांचा खच, आणि जुन्या ग्रंथांची सुटी पानं, कुठलं पान कुठल्या ग्रंथाचं हे ओळखून लावणारी म्हातारी माणसं जमिनीवर बसलेली. कोणी कोणाशी बोलत नव्हतं.

राज्य सरकारने बंदी घातली, ती हायकोर्टाने २००७ ला उठवली, सुप्रीम कोर्टाने २०१० ला तेच कायम केलं. अमेरिकेतली पद्धत वेगळी आहे, फॉर्म, समिती, मतदान, कोर्ट. तुम्हाला तिचा वैताग येतो हे दिसतंय, पण फॉर्म भरून भांडता येतं ही फार मोठी गोष्ट आहे, तिचा वापर करा.

रंगराव_सोलापूर
अवांतर आहे, पण राहवत नाही. आमच्या तालुक्याच्या वाचनालयाला कोणी बंदी घातलेली नाही आणि तरी वाचक नाही. अनुदान तुटपुंजं, तेही वेळेवर येत नाही, ग्रंथपालाचा पगार सांगायलाही लाज वाटते. मी तिथे संचालक मंडळावर आहे. दिवाळी अंक आले की तेवढी गर्दी. तुमच्याकडे एका पुस्तकासाठी गावभर माणसं रात्री मीटिंगला बसतात हे वाचून हेवाच वाटला. भांडतायत म्हणजे लायब्ररी अजून महत्त्वाची वाटते त्यांना.

जर्सीकर
रंगरावकाका, तुमचा प्रतिसाद अवांतर नाही. मिशिगनमध्ये जेम्सटाउनला लोकांनी पुस्तकांच्या रागातून २०२२ मध्ये दोनदा मतदान करून लायब्ररीचा टॅक्सच नाकारला होता. बंद पडायची वेळ आली. देणग्यांवर तगली, मग २०२३ मध्ये लोकांनीच मत फिरवून टॅक्स मंजूर केला. एवढं सगळं होईपर्यंत गावात शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासे झाले होते म्हणतात.

सोनाली_के
वातावरण जरा हलकं करते. युटाच्या डेव्हिस डिस्ट्रिक्टमध्ये कोणीतरी नियमावर बोट ठेवून बायबलवरच तक्रार केली, आणि समितीने २०२३ ला ते प्राथमिक आणि मिडल स्कूलमधून काढलं पण! मग एवढी बोंब झाली की काही आठवड्यांत परत ठेवलं. नियम लिहिणाऱ्यांनी हा विचार केलाच नव्हता 😀

ईशान_यूटी
हाय, मी इथे मोस्टली वाचतो, आई अकाउंट वापरते, आज मी लिहितो, मराठी चुकली तर सॉरी. मी आता कॉलेजला आहे पण हायस्कूलमध्ये असताना आमच्या डिस्ट्रिक्टने पुष्कळ पुस्तकं काढली होती. तुम्ही सगळे लोक मुलांबद्दल बोलता पण कोणी मुलांना विचारत नाही. आमच्या हातात फोन आहे, फोनवर काय काय आहे तुम्हाला माहीत आहे. ज्या मुलाला घाण बघायची आहे तो लायब्ररीत ४०० पानांचं पुस्तक उघडणार नाही.

माझा एक मित्र होता, तो गे होता, घरी सांगितलं नव्हतं. त्याला लायब्ररीत एक पुस्तक सापडलं होतं, त्याने ते घरी कधी नेलं नाही, लंचला तिथेच बसून वाचायचा, रोज थोडं. मग एक दिवस ते पुस्तक नव्हतं. त्याने मला फक्त सांगितलं की ते गेलं. लायब्ररियनला विचारलं पण नाही, कारण विचारलं तर कळेल ना की तो वाचत होता.

ब्रुकलिन पब्लिक लायब्ररी १३ ते २१ वयाच्या मुलांना, कुठल्याही स्टेटमधल्या, फ्री ई-कार्ड देते. बुक्स अनबॅन्ड म्हणतात. मी त्याला ते करून दिलं. तुमच्या मुलांना सांगा.

प्रज्ञा_शिकागो
ईशान, मराठी अजिबात चुकली नाही रे. छान केलंस मित्रासाठी.

सुहास_एच
ईशान, तुझा प्रतिसाद वाचून बराच वेळ गप्प बसलो. माझं मत आहे ते आहे, सहावीच्या मुलासाठी वेगळा नियम हवाच. पण तू सांगतोस तो मुलगा माझ्या हिशेबात नव्हता. माझ्या मुलाला एखादं पुस्तक द्यायचं नसेल तर त्याच्या नावापुढे तशी नोंद करता येते, टेक्सासच्या नव्या कायद्यातही ती सोय आहे. मेरीलँडच्या मॉन्टगोमेरी काउंटीच्या केसमध्ये जून २०२५ ला सुप्रीम कोर्टाने पालकांना तेच दिलं, धर्माला न पटणारा धडा असेल तर आपल्या मुलाला त्यातून बाहेर ठेवता येईल. मुस्लिम, ख्रिश्चन सगळे पालक एकत्र होते त्यात. मला वाटतं मला हवं होतं ते एवढंच. दुसऱ्याच्या मुलासाठीही ते कपाटातून काढा, ही पुढची उडी मी न विचार करता घेत होतो बहुतेक.

निखिल_बे
सुहास, मतभेद आहेत पण असं लिहायला धैर्य लागतं. मॉन्टगोमेरीच्या निकालाबद्दल मला काळजी आहे, शिक्षक कटकट नको म्हणून ते धडेच गाळतील, अनघाताई वर म्हणाल्या तसं. पण त्यावर वेगळा धागा काढू.

केदार_डॅलस
मूळ प्रश्न राहूनच गेला. मृदुलाताई, आहात का? काय ठरलं?

मृदुला_टेक्सास
आहे, सगळं वाचतेय, काल रात्री नवऱ्यालाही वाचायला दिलं. ईशानचा प्रतिसाद वाचून तो म्हणाला, भर फॉर्म. मग परत म्हणाला, पण फेसबुकवर काही लिहू नकोस. ते मी मान्य केलंय, त्याची भीती खोटी नाही, आजकाल कोण कुठे काय वाचून काय अर्थ काढेल सांगता येत नाही.

फॉर्म भरला. एक प्रश्न अनघाताईंना, समितीत गेल्यावर पहिल्यांदा काय बघावं? आणि केदार, समितीत नाव नाही लागलं तर बोर्डाच्या मीटिंगमध्ये बोलता येतं का आम्हाला, नागरिक नसताना?

केदार_डॅलस
येतं. मत द्यायला नागरिकत्व लागतं, बोलायला नाही. आमच्याकडे आधी नाव नोंदवावं लागतं आणि मोजकी मिनिटं मिळतात, तुमच्या डिस्ट्रिक्टचा नियम त्यांच्या साइटवर अजेंड्याबरोबर असेल. लिहून न्या, आणि लेकीच्या मांजरांपासूनच सुरुवात करा, बोर्डावरची माणसंही आईबापच आहेत. आणि ज्यांच्याकडे मत आहे अशा ओळखीच्यांना बोर्डाच्या निवडणुकीला बाहेर काढा. इतके थोडे लोक मत देतात की एका सोसायटीतल्या पंधरा घरांनीही फरक पडतो.

अनघा_फ्लोरिडा
मृदुला, तीन गोष्टी. तक्रार आलेलं पुस्तक प्रत्येक सभासदाने अख्खं वाचलंय का, हे पहिल्याच बैठकीत विचारून मिनिट्समध्ये लिहून घे. निर्णयाला तारीख ठरवून घे, नाहीतर "तपासणी चालू" म्हणून वर्ष जातं. आणि आधी एकदा लायब्ररियनला एकटीला जाऊन भेट. तिच्याकडे खरेदीची थांबलेली यादी असेल, ती माग. त्या बाईंच्या बाजूने कोणी आलं तर रडतील त्या, सांगून ठेवते.

मृदुला_टेक्सास
गुरुवारी शाळेत पुस्तकांच्या सेलला मदत करायला जायचंच आहे, तेव्हा भेटते त्यांना. यादी मिळाली की इथे टाकते.